ओल्या हाताचं माप

वेर्ण्याच्या पठारावर, तिसऱ्या गल्लीत,
आमच्या शेडच्या पाटीवर आहेत पंपाचे सुटे भाग.
आत, फेब्रुवारीपासून, आणखी एक काम:
सातशे ऐंशी ग्रॅमचं,
नाव न ठरलेलं.
कागदावर 'नमुना चार'.
इनासियु त्याला 'भुरगें' म्हणतो.
मी काही म्हणत नाही,
मी मोजते.

केसाच्या जाडीचे सत्तर भाग करा,
त्यातला एक जास्त भरला
की मी लाल शाई लावते,
आणि इनासियु आमलेट-पाव अर्धा टाकून
पुन्हा मशीनपाशी जातो,
आजोबांनी गोदीत शिकलेल्या
पोर्तुगीज शिव्या पुटपुटत.

पहिला नमुना वाळूत अडकला. दुसरा चिखलात.
तिसरा पाण्यातून वर आला, दोनदा बोलला
आणि गप्प.
पुण्याचे खांबेटे साहेब आराखडा पसरून म्हणाले,
दोष स्प्रिंगचा.
मी म्हटलं, दोष मिठाचा.
तुम्ही पिशवीतलं मीठ बादलीत ढवळता,
ते शहाणं मीठ, साहेब.
समुद्राचं तसं नसतं.

मी आगरवाड्याची.
मानशीची फळी किती उचलायची, भरती किती आत घ्यायची,
हे बापाला घोट्यांनी कळायचं.
आमच्या दारात खिळा दोन पावसाळे टिकला
तर शेजारी बघायला यायचे.
बिजागऱ्या, सुया, भावाच्या सायकलची साखळी...
मीठ आधी सांध्यात शिरतं,
मग घाई करत नाही.

रविवारी मी दोन कॅन भरून आणले,
एप्रिलचं, शेवटच्या कोंडीतलं,
जड, गुलाबीसर पाणी.
कदंबाच्या कंडक्टरने विचारलं, फेणी काय गो?
म्हटलं, हो.
त्याने आदराने पाय बाजूला घेतले.

नऊ दिवस नमुना चार त्या पाण्यात निजला.
रोज सकाळी काढायचा, वाळवायचा,
भिंग लावायचं, पुन्हा बुडवायचा.
इनासियु पाचव्या दिवशी चर्चमध्ये जाऊन आला.
कशासाठी, ते सांगितलं नाही.

मग तिघे आले.
नावं त्यांनी दिली नाहीत, आम्ही मागितली नाहीत.
चहा उभ्यानेच घेतला.
एकाने बाही सारली, हात कोपरापर्यंत बादलीत बुडवला
आणि निथळत्या मुठीत ते धरून पाहिलं.
"कोरड्या हाताने हे कधी धरायची वेळ येत नाही."
एवढंच. मुठीखालची पकड बदलायची ठरली,
म्हणून मी त्याचा हात मोजायला घेतला.

तळवा शहाऐंशी मिलिमीटर.
करंगळी मोडून वाकडी जुळलेली.
अंगठ्याखाली दोराचा जुना वण,
तिथे माप घेऊ नये असं वाटलं, घेतलं.
मनगटाशी आकडा थांबेना,
शेवटचा अंक वर, खाली, वर.
जरा शांत राहा, मी म्हटलं.
तो म्हणाला, शांतच आहे.
वहीत तो रकाना
मी अजून शेवटचा अंक न भरता ठेवलाय.
इतकी वर्षं मोजते आहे,
हलणारं काही माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

नमुना पुढे गेला.
पुढे कुठे, कोणाच्या कमरेला, कुठल्या रात्री,
ते आमच्या पावतीवर नसतं.

घरी बापाने विचारलं, पंप टिकला?
टिकला, म्हटलं.
नऊ दिवस? काहीच खाल्लं नाही?
तो खालच्या कोंडीत उतरला,
बोट बुडवून जिभेला लावलं,
बराच वेळ उभा.
चेहरा असा, की कोणी घराण्याबद्दल बोललंय.
"पाणी पातळ होतं. वाटेत कोणी ओतलं असणार.
पुढच्या खेपेला तळचं ने."

तळचं आणलंय.
कॅन शेडच्या दारामागे आहे.
झाकण नीट बसत नाही त्याचं.
लादीवर एक पांढरी कड
रोज थोडी
यंत्राकडे सरकते.